निर्भेळ, मिश्र आणि चालू पड

सातबाऱ्यातल्या गाव नमुना बारामध्ये पीक भरण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या तलाठ्याकडे होते. 15 ऑगस्ट 2021 ला ई-पीक पाहणी ॲप राज्यभर सुरू झाले आणि ते काम शेतकऱ्याच्या मोबाइलवर येऊन पडले: खाते निवडा, गट निवडा, पिकाचा वर्ग सांगा, शेतात उभे राहून फोटो काढा. पीक विमा, नुकसानभरपाई, आधारभूत किमतीने भात खरेदी, सगळे या नोंदीवर अडते. रायगडातल्या कर्जत-खालापुरात खरिपाच्या नोंदीच्या दिवसांत भातलावणी उरकलेली असते, खाचरात पाणी असते, वरून पाऊस असतो आणि डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांवर रेंज लागली तर लागते. ॲप अवघड ठरले की खापर रेंजवर आणि शेतकऱ्याच्या शिक्षणावर फुटते. या चार-पाच वर्षांकडे मागे वळून पाहता मला वाटते, माणसे अडली ती अधिक करून शब्दांवर.

पिकाचा वर्ग निवडताना विचारणा होते, निर्भेळ की मिश्र? निर्भेळ म्हटले की आपल्याला दूध-तूप आठवते; खाचरात नुसते भात आहे, एवढाच त्याचा अर्थ. पुढे वरकस जमिनीचा पेच. माळावर दोन-तीन वर्षे नाचणी-वरी घ्यायची, मग जमिनीला विसावा द्यायचा, ही इथली जुनी रीत. मोकळ्या माळाची नोंद कायम पड करायची की चालू पड, म्हणजे यंदापुरती? (बोलीत ‘चालू पड’ म्हणजे ‘निघ इथून’!) महसूल खात्याला हे शब्द तोंडपाठ, कारण ते त्याच्याच दप्तरातले. ते आजवर शेतकऱ्यापुढे आले नव्हते, तलाठी मधे उभा होता. तो बाजूला झाला तेव्हा त्याच्या डोक्यातला अर्थही पडद्यावर उतरायला हवा होता. माहितीपत्रके आणि व्हिडिओ निघाले खरे, पण पावसात बांधावर उभा असलेला माणूस व्हिडिओ कुठे शोधणार?

2022 च्या दुसऱ्या आवृत्तीत ही अडचण थोडीफार उमगलेली दिसते. मदतीचे बटण आले, आपली नोंद 48 तासांत दुरुस्त करता येऊ लागली आणि फोटो घेताना गटाच्या मध्यबिंदूपासूनचे अंतर दिसू लागले. माझ्या मते सगळ्यात मोलाची ती दुरुस्तीची मुभा; चूक झाली तर सावरता येईल हे कळले की माणूस बटण दाबायला धजावतो. मुभा दिली तर खोट्या नोंदी वाढतील, हा आक्षेप गैर नाही. पण त्यासाठी तलाठ्याची तपासणी आहेच, आणि न कळलेला शब्द प्रामाणिक माणसाकडूनही खोटी नोंद करवतो. अंतराचे मात्र इथे अर्धेच काम झाले: सामाईक गटात उतारावर पाच जणांची खाचरे असली, तर मध्यबिंदू शेजाऱ्याच्या खाचरात पडतो. 2024-25 च्या रब्बीपासून केंद्राची डिजिटल क्रॉप सर्व्हेची पद्धत राज्यभर आली, राहिलेल्या गटांची नोंद करायला सहायक आले. मग शब्दांची चिंता कशाला, असे कुणी म्हणेल. पण सहायक येतो तो शेतकऱ्याची मुदत सरल्यावर. पुढची आवृत्ती काढणाऱ्यांनी तिचा प्रत्येक शब्द आधी कर्जतच्या एखाद्या बांधावर, श्रावणात, नाचणीवाल्याकडून वाचून घ्यावा.