चिखलांतील हवेची कोठी

ओहोटीचें पाणी ओसरलें कीं कोंकणांतील खाड्यांमध्यें तिवरांच्या मुळांशीं राखी चिखलाचीं मैदानें उघडीं पडतात. निरखून पाहिलें तर त्यांवर बोटभर ते वीतभर लांबीचे जीव उड्या मारतांना दिसतात. डोळे बेडकासारखे माथ्यावर, अंग मात्र माशाचें. हीच निवटी. गोबी नांवाच्या माशांच्या विस्तृत कुळांत तिची गणना होते.

मासा असून ती पाण्याबाहेर जगते कशी? निवटी आपलें अंग ओलें ठेवते आणि त्वचेंतून व तोंडाच्या आंतील अस्तरांतून हवेंतला प्राणवायु शोषून घेते. डोळे सुकूं लागले कीं ते खोबणींत ओढून भिजवून घेते. छातीचे पर टेंकीत ती चिखलावरून पुढें सरकते.

परंतु याहून अवघड प्रश्न तिच्या पिलांचा आहे. निवटी चिखलांत बीळ करून त्यांतच अंडीं घालते. आणि बिळांत सांचलेल्या पाण्यांत प्राणवायु जवळजवळ नसतोच. मग अंडीं गुदमरत कशीं नाहींत?

जपानांतील नागासाकी विद्यापीठाचे इशिमात्सु व त्यांचे सहकारी यांनीं हें कोडें उलगडलें. मलेशियांतील एक मोठी जात बिळांत हवेचा सांठा करते, असें त्यांनीं १९९८ सालीं दाखविलें. जपानी किनाऱ्यावरील एका लहान जातीविषयींचा त्यांचा अभ्यास २००७ सालीं प्रसिद्ध झाला. या माशाचें बीळ गळाच्या आंकड्यासारखें असतें: आधीं खालीं जातें आणि शेवटीं वर वळतें. त्या वरच्या टोकाशीं कोंडलेली हवा बाहेर निसटत नाहीं. तेथें भिंतींना व छताला अंडीं चिकटलेलीं असतात. दर ओहोटीला नर बाहेर येऊन तोंडभर हवा घेतो आणि आंत नेऊन सोडतो.

अंडीं पक्व झालीं म्हणजे मात्र हाच क्रम उलटतो. रात्रीं भरती चढूं लागली कीं नर ती सांठविलेली हवा घांसाघांसानें बाहेर काढतो. पाणी वर चढून अंडीं बुडतात, आणि बुडाल्यावरच तीं फुटून पिलें बाहेर पडतात. जी हवा आजवर त्यांचा आधार होती, तीच योग्य वेळीं काढून घ्यावी लागते.

हा सारा संसार समुद्राच्या घड्याळावर चालतो. खाजणांत भराव पडला कीं भरती अडते. आणि भरती अडली कीं तें घड्याळच बंद पडतें.