सरस्वतीपूजनातील झरणी

शारदीय नवरात्रात मूळ नक्षत्रावर सरस्वतीचे आवाहन, पूर्वाषाढावर पूजन, उत्तराषाढावर बलिदान आणि श्रवणावर विसर्जन असा क्रम आपल्या धर्मशास्त्राने लावून दिला आहे. या दिवसांत लिहू नये, वाचू नये, शिकवू नये, असाही दंडक आहे. पोथ्या, वह्या आणि लेखणी देवीपुढे ठेवून घराने हात आवरावयाचा. लेखणीला वर्षातून एकदा लाभणाऱ्या या विश्रांतीचे चीज कसे करावे, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

खेड तालुक्यातील लोटे हे गाव श्रीक्षेत्र परशुरामाच्या शेजारचे. शस्त्रधारी ऋषीच्या या परिसरात खंडेनवमीला कोयता, कुऱ्हाड, पहार पाटावर मांडली जावी हे स्वाभाविकच. पण ज्या घरातील कर्ते पुरुष शिक्षक, कारकून किंवा भिक्षुक होते, तेथे कोयत्याच्या शेजारी वडिलांची झरणीही मांडलेली दिसते, आणि तो मान तिला शोभतो. परशुरामक्षेत्रीचे ब्रह्मेंद्रस्वामी हे लेखणीचेच धनी. 1727 मध्ये सिद्दी साताने देवस्थानाचा विध्वंस केल्यावर स्वामी साताऱ्याजवळ धावडशीस गेले, आणि छत्रपती शाहू, बाजीराव, चिमाजीअप्पा, आंग्रे यांच्याशी चाललेल्या त्यांच्या पत्रव्यवहाराला मराठ्यांच्या इतिहासात मानाचे स्थान मिळाले.

परंतु आमच्या पाहण्यात जे येते ते सांगितल्यावाचून राहवत नाही. वडील गेले त्या दिवशी झरणीत जी शाई होती, ती तशीच तिच्या पोटात राहते. कपाटात कोकणचे पावसाळ्यामागून पावसाळे निघून जातात. दर दसऱ्याला झरणी बाहेर येते, तिला हळदकुंकवाची बोटे लागतात आणि ती पुन्हा आत जाते. शाईतील पाणी उडून जाते. रंग मात्र जिभेच्या बारीक खाचांत दगडासारखा बसतो. जुन्या निळ्या-काळ्या शाईत हिराकस आणि मायफळासारख्या तुरट फळांचे आम्ल असे. अशी शाई पोलादी निब खाऊन टाकते. आतील रबरी नळी चिकट होऊन फुटते. श्रद्धेत उणे नसताना वस्तू मरते, याचे आम्हांस फार वाईट वाटते.

आवाहनाच्या दिवशी झरणी हळूच उघडावी. फिरत नसेल तर पकड लावू नये. वाळलेल्या शाईने धरलेला आटा ओल्या फडक्याने तासाभरात सुटतो. पाणी थंडच हवे. एबोनाइट, म्हणजे कठीण रबर, गरम पाण्याने तपकिरी पडते आणि तो काळेपणा परत येत नाही. निबचा भाग तेवढा वाटीभर पाण्यात रात्रभर बुडवून ठेवावा. दांडी कोरडी राहू द्यावी. सकाळी पाणी निळे झालेले दिसेल. ते ओतावे, नवे घ्यावे. हे तीन-चार वेळा, हट्टी शाई असल्यास दहा वेळाही करावे लागते. भांडी घासण्याच्या पातळ साबणाचा एकच थेंब चालतो, पुढे तो पुरता धुऊन काढावा. स्पिरिट मात्र नको. त्याने सेल्युलॉइड आणि रबरी नळी चिकटवलेली लाख दोन्ही विरघळतात. नंतर पेल्यात सुती फडके घालून निब खाली करून झरणी उभी ठेवावी. उरलेले पाणी फडके आपणच ओढून घेते. लेखन वर्ज्य असल्याने घाई करणारे कोणी नसते, ही या दिवसांची सोय.

देव्हाऱ्यातील चांदी उजळली की झरणीची क्लिपही उजळावी असे सुनांना वाटते. चिंच किंवा पितळ घासण्याची पूड तिला लावू नये. सोन्याचा मुलामा अत्यंत पातळ असतो. कुंकू हळद व चुना यांतून होते. ते निबच्या फटीत गेले की निघता निघत नाही. गंध व कुंकू ताम्हनाला लावावे, झरणीवर फूल आणि अक्षता वाहाव्यात. देवी रुष्ट होणार नाही.

निरांजनापासून तर ती हातभर दूरच असावी. जुनी रंगीत, लाटांच्या नक्षीची दांडी बहुधा सेल्युलॉइडची असते, आणि सेल्युलॉइडमध्ये कापूर मिसळलेला असतो. घासून नाकाशी धरल्यास काही झरण्यांना अजून कापराचा वास येतो. आरतीतील कापरासारखीच ती पेट घेते. रसायनांचे कारखाने दारात असलेल्या लोटेकरांना याहून अधिक सांगणे नलगे.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. निबच्या टोकावरील कठीण धातूचा कण वर्षानुवर्षे लिहिणाऱ्याच्या हाताच्या कलाप्रमाणे झिजतो. झरणी दुसऱ्याच्या हाती देऊ नये असे जुने लोक म्हणत, त्याचे कारण हेच. वडिलांची झरणी आपल्या हाती खरखरते ती बिघडलेली नसते. तिला वडिलांच्या बोटांचे वळण असते. ते टोक कोणाकडून घासून गुळगुळीत करून घेणे म्हणजे त्यांची शेवटची खूण पुसणे होय. आमच्या मते आपणच झरणी थोडी तिरपी धरून पाहावी. चार ओळींत तिचा कल सापडतो.

विसर्जनानंतर शाई भरावी ती झरणीसाठी केलेली, पाण्यात सहज धुतली जाणारी निळी. पोथीलेखनाची काजळ-डिंकाची शाई बोरूला उत्तम, पण झरणीत ती घशाशी बसते. 1931 मध्ये मुंबईत दि. प. दांडेकर आणि त्यांचे बंधू गो. प. दांडेकर यांनी घोडा छाप शाईच्या पुडी व वड्या काढल्या, पुढे झरणीसाठी ‘कॅमल’ शाई केली. कॅम्लिनचा तो आरंभ. वडिलांच्या टेबलावरील दौत अनेक घरांत त्यांचीच असे. तळाशी गाळ असलेली ती जुनी दौत आठवण म्हणून ठेवावी, भरण्यास नवी आणावी.

मग कोऱ्या कागदावर श्रीकार काढावा, आणि त्याखाली गावाबाहेर असलेल्या भावंडांस पत्र लिहावयास घ्यावे.