शाळेच्या हिशेबावर नजर कुणाची?

अमेरिकेतल्या शाळांचा कारभार : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे काय ते पाहिलं. लोकांनी निवडून दिलेलं बोर्ड, बोर्डानं नेमलेला सुपरिंटेंडंट, शिक्षकांच्या नेमणुका, पगाराचे करार, सगळं स्थानिक. मग डिस्ट्रिक्ट आणि राज्य सरकार यांच्या मधे काउंटीचं, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाचं, शिक्षण कार्यालय कशाला हवं? कॅलिफोर्नियाला याचं नेमकं उत्तर १९९१ मध्ये मिळालं, आणि त्यासाठी मुलांना मोठी धास्ती सोसावी लागली.

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडे, काँट्रा कोस्टा काउंटीत रिचमंड नावाचं शहर आहे. तिथल्या स्कूल डिस्ट्रिक्टनं त्या वर्षी एप्रिलमध्ये जाहीर केलं, की तिजोरीत पैसे उरलेले नाहीत, तेव्हा १ मेपासून शाळा बंद. वर्ष संपायला अजून सहा आठवडे होते. सुमारे ३१,५०० मुलांचा प्रश्न होता. त्यात बारावीची मुलं होती, काही आठवड्यांत त्यांच्या हाती शाळा पुरी केल्याचा दाखला पडायचा होता. पालक कोर्टात गेले. राज्य सरकारचं म्हणणं असं, की डिस्ट्रिक्टनं पैसे उधळले, त्याचं आम्ही काय करावं? कोर्टानं ते मानलं नाही. शाळा चालू ठेवण्याचा आदेश निघाला, १ कोटी ९० लाख डॉलरचं तातडीचं कर्ज देऊन वर्ष पुरं करण्यात आलं, आणि पुढे १९९२ च्या अखेरीस राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ठाम सांगितलं, की मुलांना समान शिक्षण मिळतं की नाही याची शेवटची जबाबदारी राज्याचीच. कर्ज मात्र डिस्ट्रिक्टच्या माथी राहिलं. ते फिटायला २०१२ साल उजाडलं. म्हणजे १९९१ साली जी मुलं जन्मलीही नव्हती, त्यांच्या वर्गाच्या पैशातून त्या चुका फेडल्या गेल्या.

मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट एप्रिल महिन्याची आहे. वर्षातले बहुतेक आठवडे वर्ग भरले आणि मग कळलं की पैसे नाहीत! पैसे एका रात्रीत संपत नाहीत. कुणीतरी ऑक्टोबरमध्येच हिशेब मागायला हवा होता.

हे काम त्याच वर्षी ‘एबी १२००’ या कायद्यानं काउंटी कार्यालयांवर सोपवलं. कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या आहेत आणि प्रत्येकीला शिक्षण कार्यालय आहे. त्यांतल्या ५३ काउंट्यांत काउंटीचा सुपरिंटेंडंट लोकांच्या मतांनी निवडला जातो, पाच ठिकाणी नेमला जातो. आपली जिल्हा परिषद स्वतः शाळा चालवते, शिक्षकांच्या बदल्या करते. काउंटी कार्यालय तसलं काही करत नाही. नेहमीच्या शाळा डिस्ट्रिक्टच्या, शिक्षकही डिस्ट्रिक्टचे. कार्यालयाच्या हाती आहे ती देखरेख आणि मदत.

देखरेखीचं वेळापत्रक मोठं काटेकोर आहे. १ जुलैच्या आत डिस्ट्रिक्टचं अंदाजपत्रक मंजूर व्हायला हवं, मग ते काउंटीकडे तपासणीला जातं. पुढे ऑक्टोबरअखेरचा एक आणि जानेवारीअखेरचा एक, असे दोन हिशेब. दर वेळी डिस्ट्रिक्टनं चालू वर्षासह पुढच्या दोन वर्षांचा जमाखर्च मांडून स्वतःच सांगायचं असतं, की आपण देणी भागवू शकू, कदाचित शकणार नाही, की नाहीच शकणार. काउंटीला ते पटलं नाही तर ती शेरा खाली आणू शकते. या तीन वर्षांच्या नजरेत सगळं मर्म आहे, असं मला वाटतं. तिथं राज्याचा पैसा पटावरच्या नावांवर मिळत नाही, रोज प्रत्यक्ष हजर असलेल्या मुलांच्या सरासरीवर मिळतो. घरभाडं परवडेना म्हणून तरुण कुटुंबं गाव सोडू लागली, की पट हळूहळू घसरतो. पहिल्या वर्षी जाणवत नाही. तिसऱ्या वर्षी मोठा खड्डा पडलेला असतो. बोर्डाच्या सदस्यांना पुढची निवडणूक दिसत असते, पगारवाढ मागणाऱ्या शिक्षकांना महागाई दिसत असते, आणि दोघांचंही चूक नसतं. म्हणून पगाराचा करार मंजूर करण्याआधी त्याचा पुढच्या वर्षांवर पडणारा बोजा जाहीर करावा लागतो.

शेरा फारच वाईट असेल तर काउंटी आर्थिक सल्लागार बसवते, आणि देणी बुडतील असा बोर्डाचा निर्णय थांबवूही शकते, रद्दही करू शकते. झालेला कामगार करार मात्र ती मोडू शकत नाही. बरीच गुंतागुंत असेल तर याच कायद्यानं जन्माला घातलेलं एक तज्ज्ञ पथक येतं. त्याचं प्रशासन केर्न काउंटीचं कार्यालय सांभाळतं, पण काम राज्यभर.

एवढं असूनही डिस्ट्रिक्ट बुडतात. ओकलंडला २००३ मध्ये राज्यानं १० कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं आणि कारभार हाती घेतला. इंगलवुडवर २०१२ मध्ये तीच पाळी आली. २०१८ च्या एका कायद्यानं अशा डिस्ट्रिक्टांची सूत्रं राज्याच्या राजधानीतून काढून बऱ्याच अंशी काउंटीकडे दिली. मला हे योग्य वाटतं. सॅक्रामेंटोत बसलेल्या अधिकाऱ्याला इंगलवुडमधली कुठली शाळा बंद केली तर मुलांना कोणता हमरस्ता ओलांडावा लागेल हे कळायला वेळ लागतो.

काउंटी म्हटल्यावर सगळ्या एकसारख्या समजू नयेत. लॉस एंजेलिस काउंटीत जवळजवळ एक कोटी लोक आणि ८० डिस्ट्रिक्ट. डोंगरातल्या अल्पाइन काउंटीत २०२० च्या जनगणनेत जेमतेम बाराशे माणसं, आणि डिस्ट्रिक्ट एकच. लहान डिस्ट्रिक्टला पगारपत्रकं, शिक्षकांच्या निवृत्तिवेतनाच्या नोंदी, परवान्यांची तपासणी यांसाठी स्वतंत्र माणसं ठेवणं परवडत नाही. ती कामं काउंटीत होतात.

सांता क्लारा काउंटीत मराठी घरं पुष्कळ आहेत. क्युपर्टिनोतल्या अनेक घरांतलं मूल आठवीपर्यंत एका डिस्ट्रिक्टमध्ये शिकतं आणि नववीला दुसऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये जातं. बोर्डं दोन, अंदाजपत्रकं दोन, कार्यालय मात्र तपासायला एकच.

पुस्तकांचाही विषय याच कार्यालयाकडे आहे. २००० साली काही विद्यार्थ्यांनी राज्यावर दावा लावला, की आमच्या शाळांत पुस्तकं नाहीत, संडास मोडलेले आहेत, शिकवायला पात्र शिक्षक नाहीत. २००४ मध्ये तडजोड झाली. तेव्हापासून मागे पडलेल्या शाळांत काउंटीची माणसं प्रत्यक्ष जातात, आणि प्रत्येक मुलाजवळ पुस्तक आहे का हे वर्षाच्या पहिल्या चार आठवड्यांत पाहतात. अहवाल मागवून हे काम भागलं नसतं.

राज्याच्या निधीवाटपाच्या २०१३ च्या सूत्रानं याच कार्यालयावर आणखी एक भूमिका सोपवली. गरीब मुलं, इंग्रजी शिकणारी मुलं, आईवडिलांऐवजी दुसऱ्या कुटुंबांच्या सांभाळात (फॉस्टर) वाढणारी मुलं यांच्यासाठी डिस्ट्रिक्टला जादा पैसा मिळतो, त्याचा आराखडा काउंटी मंजूर करते, आणि निकाल खराब आले तर सुधारणेला मदतही तीच करते. तपासनीस आणि मदतनीस एकच. ज्याच्या हाती शेरा आहे, त्याच्यापुढे मुख्याध्यापक आपली अडचण मोकळेपणानं मांडतील का? मला याबद्दल काळजी वाटते. निदान ही दोन कामं करणारी माणसं तरी वेगळी असावीत.

आणि काही मुलं अशी असतात, की त्यांना कुठलंच डिस्ट्रिक्ट आपलं म्हणत नाही. बालसुधारगृहातली, शाळेतून काढून टाकलेली. त्यांचे वर्ग काउंटी स्वतः चालवते. सांभाळणारं कुटुंब बदललं म्हणून सत्राच्या मध्यात शाळा बदलावी लागलेल्या मुलांचे अर्धवट गुण बुडू नयेत, कागद दोन दिवसांत नव्या शाळेत पोचावेत, यासाठी डिस्ट्रिक्टांच्या पाठीमागे लागणारी माणसंही इथलीच. काउंटीच्या या वर्गांत रोज कोण येतं, किती दिवस टिकतं आणि शिकवतं कोण, हे पुढच्या लेखांकात.