उतरून चाललं म्हणजे हरलं थोडीच!

शनिवारी रात्री ग्रुपवर मेसेज पडतो, ‘उद्या आंबागड! चाल ना बे, काही नाही होत.’ आपली सायकल नवी, दम कॉलेजपर्यंतच्या डांबरी रस्त्यापुरता. पण नाही म्हटलं तर सगळे हसतील, म्हणून आपण ‘डन’ टाकून मोकळे होतो. घोळ इथूनच सुरू होतो.

परदेशात माउंटन बायकिंगच्या बऱ्याच वाटांवर रंगीत खुणा असतात. हिरवा गोल म्हणजे सोपी वाट, निळा चौकोन मध्यम, काळी चौकट अवघड. वाट किती लांब आहे यावर हा रंग ठरत नाही. रुंदी, जमीन, चढ आणि अडथळे पाहिले जातात. हिरव्या वाटेचा सरासरी चढ साधारण ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे १०० मीटर गेल्यावर फार तर ५ मीटर वर. निळीला ही मर्यादा १० टक्के.

आपल्या पांदणीवर अशी पाटी कोण लावणार? रंग आपणच ठरवायचा. धानाच्या बांध्यांमधली रुंद, कोरडी पांदण हिरवी. पाऊस पडला की तीच चिखलाने चाक धरते, तेव्हा रंगही बदला! तुमसरकडच्या डोंगरपायथ्याचा मुरमाचा चढ निळा. सुट्या गोट्यांचा तीव्र उतार काळाच. आंबागडला सायकल पायथ्याशी ठेवा, किल्ला पायीच चढा. कोका अभयारण्य तर नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग. वनविभागाच्या परवानगीशिवाय तिथे सायकल घालायचीच नाही.

आपली पायरी ओळखायची सोपी परीक्षा आहे. चढताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येतं का? उतारावर मधेच, हवं तिथे थांबता येतं का? दोन्हीला ‘हो’ असेल, तरच पुढचा रंग. अनोळखी उतार आधी पायी पाहून घ्या. मुरमावर वळणाआधीच वेग कमी करा. वळणात पुढचा ब्रेक जोरात दाबला की चाक घसरलंच. अर्धं पाणी संपलं की परत फिरा, कारण परतीचं ऊन जास्त कडक असतं. हेल्मेट प्रत्येक रंगाला लागतं.

ग्रुपचा वेगही सर्वांत मागच्याने ठरवावा. उद्या कुणी ‘काही नाही होत’ म्हणालं, तर एवढंच विचारा, ‘रंग कोणता?’