प्लेट झिजली, पण कशामुळे?

आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी माळशिरसहून वेळापूरच्या मुक्कामाला येते, तेव्हा इथल्या रस्त्यावर वाहनांनाही माणसाच्या चालीने सरकावं लागतं. उसाच्या हंगामात ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे अडकलं की तीच गत होते. अशा वेळी मोटारसायकलवाला ‘हाफ क्लच’वर गाडी रेटतो. म्हणजे क्लचच्या प्लेटी पूर्ण धरतही नाहीत, पूर्ण सुटतही नाहीत, आणि इंजिनाची बरीच ताकद चाकापर्यंत न पोचता घर्षणाच्या उष्णतेत जिरते. जुन्या गाडीने हे वर्षानुवर्षं सोसलं की एक दिवस चढावर इंजिन ओरडतं आणि गाडी मात्र ओढत नाही. मग निदान ठरलेलं असतं: प्लेटी गेल्या, नव्या टाका. हे निदान बऱ्याचदा अर्धवट असतं. प्लेट हा झिजण्यासाठीच ठेवलेला भाग आहे. ती वेळेआधी झिजली असेल, तर दोष दुसरीकडे असतो, आणि तो शोधला नाही तर नवी प्लेटही त्याच वाटेने जाते. क्लच नव्याने उभा करायचा तो या शोधासाठी.

येझदीचं उदाहरण घेऊ, कारण पश्चिम महाराष्ट्रात बुलेट आणि राजदूतच्या बरोबरीने ही गाडी खूप धावली. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून झेक बनावटीची जावा तयार होऊ लागली, पुढे १९७३ पासून ती येझदी या नावाने विकली गेली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. जुन्या जावा २५० मध्ये एक देखणी सोय होती. गिअरचा दांडा पायाने हलवताच आतली यंत्रणा क्लच आपोआप सोडायची, हातातला लिव्हर दाबला नाही तरी चाले. पण म्हणूनच या गाडीत क्लच दोन वाटांनी सुटतो, हाताच्या आणि पायाच्या. त्यांपैकी एका वाटेवरही आवश्यक ती सैल जागा उरली नाही, तर क्लच कायम किंचित दाबलेलाच राहतो. वरून काही कळत नाही. आत प्लेटी घसरतात, तापतात, आणि त्यांत बसवलेले कॉर्कचे तुकडे करपतात. दोष जुळवणीच्या स्क्रूच्या एखाद्या फेऱ्याचा असतो, आणि खापर फुटतं कॉर्कवर.

क्लचची पकड चार गोष्टींच्या गुणाकारावर ठरते: घासणाऱ्या बाजूंची संख्या, त्यांच्यातलं घर्षण, स्प्रिंगांचा दाब आणि प्लेटीची सरासरी त्रिज्या. गुणाकारच असल्याने स्प्रिंगांचा दाब पाचव्या हिश्शाने घटला, तर प्लेटी कोऱ्या असूनही पकड पाचव्या हिश्शानेच घटते. त्यातही एखादीच स्प्रिंग आखूड झाली असेल, तर प्रेशर प्लेट तिरकी उचलली जाते आणि क्लच एकीकडे घसरतो, दुसरीकडे सुटत नाही. म्हणून सगळ्या स्प्रिंगा सुट्या काढून त्यांची उंची व्हर्निअरने एकेक मोजावी. स्टीलच्या प्लेटी जाड सपाट काचेवर ठेवून कडेखाली फीलर गेज सरकवून पाहावा; वाकलेली प्लेट तिथेच उघडी पडते, आणि निळसर डाग दिसले तर ती किती तापली होती तेही समजतं. सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे प्लेटी जिच्यात बसतात ती बास्केट. प्लेटींचे दात तिच्या बोटांवर आपटून आपटून खाचा पाडतात. प्लेट त्या खाचेत अडकली की गिअर टाकताना गाडी झटका देते, न्यूट्रल सापडत नाही. उथळ खाच कानशीने साफ करता येते. खोल असेल तर कानस मारत बसू नये. बोटच बारीक होतं आणि दातांना जास्त मोकळीक मिळून आपटणं वाढतं. वहाणेचा तळ कुठे झिजला यावरून पाऊल कसं पडतं ते ओळखावं, तसं या खुणांवरून गाडी कशी चालली ते वाचता येतं.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: एवढं मोजत बसण्यापेक्षा सगळा संचच नवा का टाकू नये? चालू मॉडेलच्या गाडीला हा सल्ला योग्यच आहे. पण येझदीचा मूळ कारखाना बंद होऊन तीन दशकं होत आली. २०१८ मध्ये जावा हे नाव बाजारात परतलं ते वेगळ्या, चार-स्ट्रोक इंजिनावर, त्यामुळे जुन्या गाडीला त्याचा उपयोग नाही. आज मिळणारा सुटा भाग एक तर जुन्या साठ्यातला असतो, नाही तर कुणी तरी नंतर बनवलेला. त्याचं माप बरोबर असेलच असं नाही. मूळ बास्केट थोडी झिजलेली असली, तरी माप चुकलेल्या नव्या बास्केटपेक्षा ती बरी, आणि हे ठरवायलासुद्धा मोजावंच लागतं. दुसरा आक्षेप कॉर्कवर असतो: झाडाची साल ती, नव्या जमान्याचं अस्तर का लावू नये? कॉर्क उष्णतेला कच्चा, हे खरंच. पण तेलात भिजलेला असतानाही तो चांगली पकड देतो आणि हळुवार धरतो. त्या काळच्या स्प्रिंगा आणि केबल त्याच हिशेबाने बनलेल्या होत्या. नवं अस्तर निवडायला माझी हरकत नाही, मात्र जाडी जुळली पाहिजे. पकड वाढावी म्हणून नुसत्या कडक स्प्रिंगा टाकणं मला पटत नाही. त्याने लिव्हर जड होतो, केबल आणि पुश रॉडवर ताण वाढतो, आणि खरा दोष झाकला जातो.

उरतो वेळेचा मुद्दा. गावच्या मिस्त्रीला दिवसभरात अनेक गाड्या उरकायच्या असतात, त्यामुळे मोजमापाच्या वेळेची मजुरी गाडीमालकाने वेगळी आणि आनंदाने द्यावी. मग राहते जोडणी. नवे कॉर्क बसवण्याआधी रात्रभर तेलात मुरू द्यावेत. कोरडे बसवले तर पहिल्याच चढावर जळतात. प्राथमिक चेन आणि क्लच एकाच तेलात फिरतात, तेव्हा तिथे घर्षण कमी करणारी द्रव्यं मिसळलेलं मोटारगाडीचं इंजिन ऑइल घालू नये. गाडी थोडी धावली की कॉर्क दबून बसतात आणि लिव्हरची सैल जागा कमी होते, म्हणून पहिल्या काही फेऱ्यांनंतर केबल आणि आतला स्क्रू पुन्हा एकदा जुळवून घ्यावा.