पलटणीच्या दप्तरातले अस्वल

१९३९ च्या सप्टेंबरात जर्मनी आणि सोव्हिएत रशिया यांनी दोन बाजूंनी चालून येऊन पोलंड वाटून घेतला, त्यानंतर जे लक्षावधी पोल सैबेरियाकडे हद्दपार झाले, त्यांतल्याच जगल्यावाचल्या माणसांतून जनरल आंदेर्स यांची फौज उभी राहिली आणि १९४२ साली ती इराणात उतरली. (त्याच वाटेने आलेल्या कित्येक बायकामुलांना पुढे कोल्हापूरजवळच्या वळिवड्याने आसरा दिला.) हमदानजवळ एका इराणी मुलाकडे या सैनिकांना अस्वलाचे एक पिल्लू दिसले, त्याची आई शिकाऱ्यांच्या गोळीने मेली होती. त्यांनी ते विकत घेतले, डब्यातले घट्ट दूध पाण्यात कालवून व्होडकाच्या रिकाम्या बाटलीतून त्याला पाजले आणि त्याचे नाव ठेवले वोयतेक. ज्यांची स्वतःची लेकरे कुठे आहेत याचा ठावठिकाणा नव्हता, त्या हातांना त्या बाटलीने पुन्हा घरातले काम दिले, असे मला मनापासून वाटते.

इराक, पॅलेस्टाइन, इजिप्त असा प्रवास करीत वोयतेक वाढला. जवानांशी कुस्ती खेळू लागला, त्यांच्या तंबूत निजू लागला. इटलीला जाणाऱ्या जहाजावर पाळीव प्राण्यांना मज्जाव होता, तेव्हा त्याला सोडून जाण्याऐवजी त्यांनी त्याची रीतसर शिपाई म्हणून भरती केली, आणि बाविसाव्या तोफखाना रसद तुकडीच्या दप्तरात त्याचे नाव चढले. १९४४ च्या मे महिन्यात इटलीतल्या मोंते कासिनोच्या रणधुमाळीत तोफगोळ्यांच्या जड पेट्या तो पुढच्या पंजांत धरून वाहत असे, असे त्याचे सोबती सांगत. तोफगोळा उचललेले अस्वल हेच तुकडीचे बोधचिन्ह ठरले.

युद्ध जिंकले, परंतु सोव्हिएत वर्चस्वाखाली गेलेल्या पोलंडात परतणे बहुतेकांना अशक्य झाले. युद्धानंतर तुकडी वोयतेकसह स्कॉटलंडात आली; तिथली छावणी मोडली, तेव्हा नोव्हेंबर १९४७ मध्ये वोयतेकची रवानगी एडिंबराच्या प्राणिसंग्रहालयात झाली. जुने सोबती तेथे येत, पोलिश भाषेत हाक मारीत, आणि गजांआडचा तो वृद्ध शिपाई मान वर करून त्यांच्याकडे पाही. डिसेंबर १९६३ मध्ये तो तेथेच मरण पावला. इराणचे डोंगर त्यालाही पुन्हा दिसले नाहीत.