उताऱ्यावरचं दुसरं नाव

तेरखेडा म्हटलं की मराठवाड्यात फटाके आठवतात. धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातलं हे गाव. इथं कुणी ‘दारू’ म्हणालं, तर कोणती ते विचारून घ्यावं लागतं. फटाक्याच्या कामावर जाणारी एक बाई मला म्हणाली, “ताई, मार खाऊन घेते. पण रातच्याला ‘माझ्या घरातनं निघ’ म्हणला की हातपाय गळतात. जाऊ कुठं?”

मी कायद्याची कलमं सांगू लागले. तिला एकच गोष्ट हवी होती : घर कुणाचं?

गावात याचं उत्तर लोक ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर 8 मध्ये शोधतात. त्यात बहुधा नवऱ्याचं नाव असतं, नाहीतर वारलेल्या सासऱ्याचं. राज्याच्या ग्रामविकास खात्यानं 2003 मध्येच घरं पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवायला सांगितलं होतं. प्रधानमंत्री आवास योजनेचं घरकुलही सर्वसाधारणपणे दोघांच्या किंवा एकट्या बाईच्या नावे मंजूर होतं. एक खुलासा मात्र करायला हवा. नमुना 8 ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पक्का पुरावा नव्हे. तरीही गावात त्या कागदाला वजन असतं.

आणि नाव नसलं तरी ‘निघ’ म्हणता येत नाही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्याचं 17 वं कलम सांगतं, की घरात बाईचा मालकीहक्क असो वा नसो, तिला तिथं राहण्याचा हक्क आहे. सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरही यात येऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी, असं कायदा म्हणतो. रात्रीचा प्रसंग असेल तर 112 किंवा 181 वर फोन करावा.

हे गावात बोलायची जागा म्हणजे महिला ग्रामसभा. नेहमीच्या ग्रामसभेआधी ती घ्यावीच लागते. काही गावांत ती सह्यांच्या वहीपुरतीच भरते, हेही पाहिलंय. पण मारहाणीचं नाव काढायला बाई लाजते, उताऱ्याचं नाव काढायला लाजत नाही. म्हणून मी नेहमी घराच्या विषयापासून सुरुवात करते. मग एकीनं तोंड उघडलं की दुसरी बोलते.

त्या बाईचा नवरा संमती देईना. “बायकोचं नाव लावलं तर लोक हसतील,” हे त्याचं म्हणणं. शेवटी त्याच्याच थोरल्या भावानं आधी आपल्या बायकोचं नाव लावलं, तेव्हा हा वरमला. उतारा मिळाल्यावर तिनं तो पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या खाली ठेवला.

पुढं भेटली तेव्हा मी विचारलं, “मारतो का अजून?”

“कमी हाय,” ती म्हणाली. “निघ मात्र म्हणत न्हाई.”